दौतीत उतरलेले जपानी रंग

इसवी सन 927 मध्ये जपानच्या दरबारात 'एंगिशिकी' हा नियमग्रंथ पुरा झाला. देवळांतले विधी, अधिकाऱ्यांची कामे, प्रांतांकडून यायचा वसूल अशा असंख्य बाबींबरोबर कापड रंगवायची मापेही त्यात दिली आहेत. गडद जांभळ्या रंगाचे रेशमाचे एक ठाण हवे असेल तर मुरासाकी नावाच्या रोपाची 30 किन मुळे, 2 शो व्हिनेगर, 2 कोकू राख आणि 360 किन सरपण लागेल, असे हा ग्रंथ सांगतो. एक किन म्हणजे साधारण 600 ग्रॅम. म्हणजे एका ठाणामागे 18 किलोच्या आसपास मुळे आणि 200 किलोंहून जास्त लाकूड. मुळे, आंबट पाणी, राख आणि जाळ यांचे हे प्रमाण जुळले की जो उतरतो तो गडद जांभळा, अशी त्या काळी रंगाची व्याख्या होती.

अशाच जुन्या रंगांची नावे आज 40-50 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीवर छापून येतात. बाटलीत असते फाउंटन पेनची शाई. जपानी कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत अशा शायांची मोठी दुनिया उभी केली आहे, आणि भारतातही पेनवेडी माणसे त्या हौसेने मागवतात. आत कारखान्यात बनलेले रासायनिक रंग असतात. मुरासाकीचे मूळ नाही की राखेचे पाणी नाही. मग नाव तेवढे जुने आणि माल नवा, एवढेच का म्हणायचे? मला तसे वाटत नाही. जपानी रंगांची नावे आज नेलपॉलिशला मिळतात, भिंतीच्या रंगाला मिळतात, मोबाइलच्या पडद्यावरही दिसतात. या सगळ्यांत त्या नावावर खरा हक्क सांगू शकेल अशी वस्तू कोणती असेल तर ती शाई. पाण्यात विरघळलेला रंग वनस्पतीच्या तंतूंत मुरतो, सुकतो, जिथे जास्त साचला तिथे गडद होतो, उन्हात विटतो. रंगाऱ्याच्या हातून कापडावर हेच घडत असे. पेनने लिहिणारा माणूस कागद रंगवतच असतो.

जपानात रंग आणि दर्जा यांची गाठ फार लवकर पडली. 603 साली, सम्राज्ञी सुइको हिच्या काळात, दरबाऱ्यांच्या 12 श्रेणी ठरल्या आणि श्रेणीप्रमाणे रेशमी टोपीचा रंग ठरला. पुढे काही रंग सामान्यांना वर्ज्य झाले. 'कोरोझेन' हा सोनेरी तपकिरी रंग 820 मध्ये सम्राट सागा याने फक्त सम्राटासाठी राखून ठेवला. 22 ऑक्टोबर 2019 रोजी सम्राट नारुहितो यांनी राज्यारोहणाच्या मुख्य सोहळ्यात घातलेला झगा याच रंगाचा होता. कोरोझेनसाठी हाझे नावाच्या झाडाचा गाभा लागतो आणि त्याच्या जोडीला पतंगाचे लाकूड. आपल्या जुन्या औषधांच्या आणि रंगांच्या दुकानांत मिळणारे पतंग ते हेच. जपानात ते उगवत नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियातून जहाजांनी तिकडे जात असे. जपानच्या सम्राटाचा राखीव रंग असा आपल्या बाजूच्या लाकडावर अवलंबून होता.

वर्ज्य रंगांना एक पळवाट होती. रंग पुरेसा फिका असला तर तो कोणीही वापरावा. पण पुरेसा फिका म्हणजे किती, हे कसे ठरवणार? तिथे पुन्हा तराजू आला. 'इक्कोन्झोमे' हा फिकट गुलाबी रंग रेशमाच्या दोन वस्त्रांच्या ठाणाला 1 किन करडईची फुले एवढ्याच मापाने बनवायचा. त्याच्या नावातच हे माप आहे. याहून दाट गुलाबी दिसला तर मर्यादा ओलांडली. त्या मर्यादेच्या जरा पुढे, दरबारातल्या हौशी मंडळींच्या अंगावर चमकणारा 'इमायो-इरो' म्हणजे त्या काळच्या चलतीचा रंग. या इमायो-इरोची शाई आज क्योतोत मिळते. हजार वर्षांपूर्वीची फॅशन बाटलीत भरून विकायची ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

हेइआन काळात, म्हणजे 794 ते 1185 या चार शतकांत, क्योतोच्या दरबारी स्त्रिया एकावर एक झगे घालत आणि बाह्यांच्या कडांना प्रत्येक थराची बारीक पट्टी दिसू देत. कोणत्या ऋतूत कोणता थर कशावर, याचे संकेत ठरलेले होते. अस्तराच्या रेशमाचा रंग वरच्या पातळ रेशमातून झिरपत असल्यामुळे दोन रंगांचा तिसराच रंग दिसे. त्या काळच्या माणसाला एकटा, सपाट, सगळीकडे सारखा असा रंग क्वचितच दिसत असावा.

या रंगसंस्कृतीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा रंग मात्र झगमगीत नाही. तो आहे 'निबी', सुतकाचा करडा. मृत व्यक्तीशी नाते जितके जवळचे तितका करडा गडद, अशी रीत होती. मुरासाकी शिकिबू हिने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'गेंजीच्या कथे'त नायकाची पत्नी जाते तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला फिक्या करड्यावर भागवावे लागते. आपण आधी गेलो असतो तर तिने याहून गडद रंग नेसला असता, हा विचार त्याला छळतो. दुःखाचे माप रंगाच्या दाटपणात मोजणाऱ्या समाजातच असा प्रसंग लिहिला जाऊ शकतो. निबीत निळी झाक आली की 'आओनिबी', तो संन्यास घेतलेल्या स्त्रियांचा रंग. आओनिबीचीही शाई आहे: निळसर, काळपट, लिहिताना शांत.

निबी बनत असे ओकच्या जातीच्या झाडांची बोंडे उकळून काढलेल्या टॅनिनमध्ये लोह मिसळून. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळपट रंग तयार होतो आणि हवा लागेल तसा तो गडद होत जातो. युरोपात अनेक शतके दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले तिची रीतही नेमकी हीच: मायफळातले टॅनिन आणि हिराकस. आपण बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळा रंग आणि शाई करत, आणि जुन्या काळच्या सुवासिनी दात काळे करायला जे दातवण लावत त्यातही ही जोडी असे. जपानच्या विवाहित स्त्रियासुद्धा टॅनिन आणि लोहाचे आंबट पाणी वापरून दात काळे करत; त्या प्रथेला तिकडे 'ओहागुरो' म्हणतात. सुतकाचे वस्त्र, सौभाग्याचे दात आणि खरेदीखताची शाई या तीन गोष्टींमागे एकच रसायन उभे आहे. जपानची प्लॅटिनम कंपनी आजही लोहयुक्त ब्लू-ब्लॅक शाई बनवते. लिहिताना ती निळी दिसते आणि मग काळवंडते.

आता बाटल्यांकडे येऊ. या लाटेची सुरुवात पायलट कंपनीच्या 'इरोशिझुकु' मालिकेने झाली असे म्हणायला हरकत नाही. 1918 साली स्थापन झालेल्या या कंपनीने 2007 मध्ये ती आणली आणि पुढे ती 24 रंगांपर्यंत नेली. यातली नावे बहुतेक निसर्गातली आहेत: चांदणी रात्र, खोल समुद्र, पहाटेचे गारवेल, वेळूचा कोळसा, पिकल्या भाताची लोंबी. पण या नावांच्या मागे जुने रंग उभे असतात. 'यामा-बुदो' म्हणजे रानद्राक्ष, आणि रानद्राक्षाचा किरमिजी जांभळा हेइआन दरबाराचा आवडता रंग होता. 'मुरासाकी-शिकिबू' नावाची जांभळी शाई त्याच नावाच्या झुडपावरून आली आहे. त्याला शरद ऋतूत जांभळ्या फळांचे घोस लागतात आणि झुडपाला नाव मिळाले ते गेंजीच्या लेखिकेवरून. बाटलीही नीट पाहण्यासारखी आहे. जाड काचेच्या तळाला मधोमध एक खोलगट खड्डा ठेवलेला असतो. शाई संपत आली की उरलेली सगळी त्या खड्ड्यात गोळा होते आणि पेनची निब बुडवून ती ओढून घेता येते. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये अशी ही योजना आहे.

क्योतोतल्या 'टॅग' या स्टेशनरी दुकानाने थेट इतिहासालाच हात घातला. 'क्यो-नो-ओतो' ही त्यांची मालिका जुन्या दरबारी रंगांची नावे घेऊनच येते, आणि वनस्पतिरंगांचा अभ्यास करणाऱ्या क्योतोच्याच संस्थेच्या मदतीने ती सिद्ध झाली. शेवाळाचा हिरवा, पावसात भिजलेल्या कावळ्याच्या पंखाचा काळा (जपानी लेखनात स्त्रीच्या केसांना हीच उपमा), करड्यात बुडालेला चेरीचा गुलाबी. नाकाबायाशी समूहाच्या 'टाचिया' शायांनी होकुसाई, शाराकू, उतामारो, हिरोशिगे या चित्रकारांच्या छापचित्रांतले रंग उचलले.

कोबे शहराची गोष्ट वेगळी आहे. 1995 च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झाले. शहर सावरल्यावर तिथल्या नागासावा या स्टेशनरी दुकानाने 2007 मध्ये शहरातल्या जागांच्या रंगांची शाई काढायला सुरुवात केली: रोक्को डोंगराचा हिरवा, धक्क्यावरच्या समुद्राचा निळा, जुन्या परदेशी वस्तीतल्या इमारतींचा तपकिरी. शाई बनवून देते सेलर कंपनी. मग जपानभर गावोगावच्या दुकानांनी आपापल्या गावाची शाई काढली. या छंदात अडकलेल्यांना तिकडे 'शाईच्या दलदलीत' सापडलेले म्हणतात.

शाईत असते तरी काय? बहुतांश पाणी. त्यात विरघळणारे रासायनिक रंग, निब लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओलावा धरणारे द्रव्य, पाण्याचा पृष्ठताण बेताचा ठेवणारा पदार्थ आणि बुरशी न येऊ देणारे औषध. निबेखालच्या जिभेतल्या केसासारख्या खाचांतून ही शाई केशाकर्षणाने खाली येते, म्हणून तिच्यात कण नसलेले बरे. जुने वनस्पतिरंग इथेच अडतात. निळीचा रंग पाण्यात विरघळतच नाही. रंगारी तिला हौदात आंबवून विरघळवतो, कापड बाहेर काढतो ते हिरवट-पिवळे, आणि हवा लागली की ते डोळ्यांदेखत निळे होते. हा खेळ पेनच्या आत करता येणार नाही. मुरासाकीच्या मुळातला रंगही थंड पाण्यात नीट उतरत नाही; कापडावर धरायला त्याला कामेलियाच्या लाकडाची राख लागते, कारण त्या राखेत ॲल्युमिनियम असते. आपले रंगारी त्याच कामाला तुरटी वापरतात.

हे जुने रंग जुन्याच रीतीने करून पाहायचे काम क्योतोच्या फुशिमी भागातले रंगारी योशिओका साचिओ (1946-2019) यांनी आयुष्यभर केले. घराण्यातली पाचवी पिढी. त्यांनी रासायनिक रंग बाजूला ठेवले आणि 'एंगिशिकी'तली मापे घेऊन मुळे कुटली, राख केली, फुले पिळली. जुन्या रंगांची आजची ओळख त्यांच्या या कामावर पुष्कळ अवलंबून आहे.

रासायनिक शाई जुन्या रंगाची केवळ छटा जुळवते, हे मान्य. पण कागदावर उतरल्यावर ती असे काही करते की जुन्या रंगाचे वागणेही दिसू लागते. याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 'बेनी', करडईचा लाल. सोलापूर-मराठवाड्यात रब्बीला जी करडई आपण तेलासाठी पेरतो, जिच्या कोवळ्या पानांची भाजी करतो, तीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत तिच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. जपानात यामागाता भागात, मोगामी नदीच्या खोऱ्यात, ती फुलांसाठी लावली गेली. फुले भल्या पहाटे तोडायची, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. पाकळ्यांत पिवळा रंग पुष्कळ, लाल जेमतेम 1 टक्का. पिवळा पाण्याने धुऊन टाकायचा, पाकळ्या आंबवून त्यांच्या वड्या थापायच्या. या वड्या नदीने साकाता बंदरात आणि तिथून समुद्रमार्गे क्योतोकडे जात. मग राखेच्या पाण्यात त्यातला लाल सोडवायचा आणि धुरी दिलेल्या आंबट फळांच्या पाण्याने तो पुन्हा खाली बसवायचा.

असा मिळालेला शुद्ध लाल चिनी मातीच्या वाटीत आतून लावून सुकवतात. आणि सुकला की तो लाल राहत नाही. वाटीच्या आतल्या बाजूला भुंग्याच्या पाठीसारखा धातूचा हिरवा चकाकतो. ओला कुंचला टेकवला की त्याच जागी लाल उमटतो. तोक्योतले 'इसेहान' हे 1825 सालचे दुकान अजूनही असे बेनी बनवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, स्त्रियांमध्ये खालच्या ओठावर बेनीचे थर देऊन तो हिरवा चमकवायची फॅशन आली. बेनी सोन्याच्या भावाने विकले जाई, तेव्हा हे परवडणार कोणाला? ज्यांना परवडत नसे त्यांनी युक्ती काढली. आधी ओठावर काळी शाई लावायची आणि वर बेनीचा पातळ हात फिरवायचा. हिरवी झाक येई.

हे कशामुळे होते? रंगद्रव्य जो प्रकाश सर्वांत जोमाने शोषते तोच प्रकाश त्याच्या घट्ट, गुळगुळीत, सुकलेल्या थरावरून जोमाने परततही असतो. पातळ थरातून प्रकाश आत जाऊन कागदावरून किंवा कातडीवरून परत येतो, तेव्हा शोषून उरलेला रंग दिसतो: लाल. दाट थरावर पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश वरचढ ठरतो: हिरवा. फाउंटन पेनवाले ज्याला 'शीन' म्हणतात ते हेच. दाट लाल किंवा किरमिजी शाई सुकल्यावर अक्षराच्या कडेला हिरवट-सोनेरी चमक मारते, दाट निळी शाई तांबडी. यामा-बुदोने सढळ हाताने लिहून कागद दिव्याखाली तिरपा धरला तर ही चमक सापडते. शाई बनवणाऱ्याने त्यात करडईचे एक फूलही घातलेले नसते, तरी हिरव्या ओठांमागचे भौतिकशास्त्र तिथे तसेच्या तसे हजर असते.

शीन दिसायला कागद चांगला लागतो. शाई शोषून न घेता वर धरून ठेवणारा कागद हवा. 'तोमोए रिव्हर' हा जपानी कागद त्यासाठी नावाजलेला; चौरस मीटरला 52 ग्रॅम इतका पातळ की मागचे अक्षर दिसते, पण शाई फुटत नाही. शाळेच्या वहीवर हीच शाई तंतूंत पसरते आणि चमक मरते. कागद बदलला की शाईचा रंग बदलतो, हे पेनवाल्यांना पहिल्या आठवड्यात कळते. तागावर, सुतावर आणि रेशमावर एकच रंग तीन तऱ्हांनी बसतो, हे रंगाऱ्यांनाही ठाऊक होते.

विटण्याबद्दलही असेच. इरोशिझुकुमध्ये 'त्सुयु-कुसा' नावाची निळी शाई आहे. त्सुयुकुसा हे पावसाळ्यात उगवणारे निळ्या पाकळ्यांचे छोटे फूल. आपल्या शेताबांधावर उगवणारा, पावसाळ्यात ज्याची भाजी होते तो केना याच कुळातला, अगदी जवळचा भाऊबंद. त्सुयुकुसाच्या पाकळ्यांचा रस निळाशार असतो पण टिकत नाही. पाणी लागले की जातो. म्हणूनच 'मान्योशू' या जपानच्या जुन्या काव्यसंग्रहात हे फूल चंचल मनाची खूण म्हणून येते. मात्र कारागिरांनी या दोषाचाच उपयोग केला. किमोनोवर नक्षी काढणारे युझेन रंगारी आधी या फुलाच्या मोठ्या वाणाच्या रसाने रेशमावर आराखडा रेखतात. काम पुरे झाले की कापड धुवायचे. आराखडा निघून जातो, नक्षी राहते. शिगा प्रांतातल्या कुसात्सुची ही फुलशेती प्रसिद्ध आहे. फुलांचा रस कागदावर थरांवर थर देऊन सुकवतात आणि लागेल तेवढा तुकडा पाण्यात भिजवून वापरतात.

अठराव्या शतकातल्या लाकडी ठशांच्या चित्रांतही हा निळा वापरला गेला, आणि त्यातल्या कितीतरी चित्रांतले आभाळ आणि पाणी आज पिवळट-तपकिरी दिसते. मग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेला प्रशियन ब्लू जपानात पोचला. न विटणारा, दाट, थरांत खुलणारा. 1830 च्या सुमारास होकुसाईने फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत तो मनसोक्त वापरला, आणि जगाने त्यालाच जपानी निळा मानले. होकुसाईच्या नावाची निळी शाई भरताना हे लक्षात असावे की तो रंग त्याच्या काळी परदेशी आणि नवाकोरा होता. जुने जपानी रंग म्हणून आज आपण जे मिरवतो त्यांत अशी बरीच आयात मिसळलेली आहे: पतंग आपल्या बाजूचे, निळा बर्लिनचा.

फाउंटन पेनच्या बहुतेक रंगीत शाया त्सुयुकुसासारख्याच पाण्याला आणि उन्हाला भितात. कागदाच्या तंतूंशी त्यांची गाठ सैल असते. रंग धरून ठेवणारी तुरटी किंवा राख इथे नसते. म्हणून चेक, करारपत्र, मृत्युपत्र यांसाठी त्या नकोत. तिथे सेलरची 'किवागुरो' किंवा प्लॅटिनमची कार्बन काळी अशी सूक्ष्म कणांची शाई घ्यावी. ती सुकली की पाण्याने जात नाही. फक्त पेन वापरात ठेवावे लागते आणि वेळच्या वेळी धुवावे लागते. आत सुकलेले कण काढणे त्रासाचे असते.

आपल्या लिपीला या शाया फार शोभतात, याकडे पेनवाल्या मराठी माणसांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. जपानी अक्षरात रेघ जिथे थांबते तिथे लेखणी क्षणभर दाबून धरायची असते. शाई तिथे साचते आणि गडद होते. देवनागरीत ही जागा कान्याच्या पायाशी येते. शिवाय आपल्याकडे शिरोरेषा आहे. शब्द लिहून झाल्यावर वरून रेघ ओढली की प्रत्येक अक्षराच्या माथ्याशी दोन थर पडतात, आणि फिकी-गडद होणारी शाई असेल तर तिथे दाट ठिपक्यांची एक ओळ तयार होते. 'शेडिंग' असलेली पिवळसर किंवा करडी शाई जाड निबेतून घेऊन एखादे पान लिहून पाहा. रोमन लिपीत हे इतके नियमित दिसत नाही.

शाईच्या धंद्यात महाराष्ट्र आणि जपान यांची गाठ तशीही पडलेली आहे. दि. प. दांडेकर यांनी 1931 साली मुंबईत 'हॉर्स' छापाच्या शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन कंपनी झाली. 2011 मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि नाव झाले कोकुयो कॅम्लिन. इतकी जुनी शाईची परंपरा आणि इतका जवळचा जपानी भागीदार असताना नाचणीचा, कोकमाचा, सह्याद्रीतल्या ओल्या कातळाचा रंग बाटलीत का येऊ नये, हे मला राहून राहून वाटते. कोबेच्या एका दुकानाने केले ते नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानालाही करता येईल.

पहिली बाटली कोणती घ्यावी, असे कोणी विचारले तर मी निळी सांगणार नाही, करडी सांगेन. एदो काळात सरकारने व्यापारी आणि कारागिरांना भडक रंग आणि उंची रेशीम वापरायला बंदी केली, तेव्हा लोकांनी तपकिरी आणि करड्या रंगांतच इतक्या छटा काढल्या की '48 तपकिरी, 100 करडे' असा वाक्प्रचार झाला. आकडे बोलण्यापुरते; प्रत्यक्षात छटा त्याहून अधिक होत्या. दानजूरो तपकिरी, रोको तपकिरी अशी काबुकी नटांची नावे त्यांना मिळाली. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याच्या नावाने हिरवट करडा ओळखला जाऊ लागला. सगळे बाहेरून साधे, पण शेजारी ठेवले की वेगळे.

हा वेगळेपणा शाईत उघड करता येतो. टिपकागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. एका टोकापासून 2 सेंटिमीटरवर करड्या शाईचा ठिपका ठेवा आणि ते टोक पाण्यात बुडवा, ठिपका पाण्याच्या वर राहील असे. पाणी चढू लागले की ठिपका फुटतो. एक रंग मागे रेंगाळतो, दुसरा पाण्याबरोबर धावतो. काही मिनिटांत त्या सपाट करड्यातून गुलाबी, पिवळा, आकाशी असे पट्टे वेगळे होतात. तपकिरीतून कधी कधी चक्क निळा निघतो. दोन कंपन्यांच्या हुबेहूब वाटणाऱ्या करड्या शाया या पट्टीवर एकमेकींशी काही नाते दाखवत नाहीत. इरोशिझुकुतली 'किरि-सामे' म्हणजे धुक्यातला पाऊस या नावाची करडी शाई, 15 मिलिलिटरची छोटी बाटली, एवढे सुरुवातीला पुरेल. पेन आधी साध्या पाण्याने स्वच्छ होईपर्यंत धुवा, कारण मागच्या निळ्याचा एक थेंबही राहिला तरी करडा लगेच बिघडतो.